महिना पंधरा हजार मिळवणाऱ्याने मुंबईत राहावे कुठे?

तुळशीवृंदावन (१४ जून)

आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशी वडाळ्याजवळच्या एका वस्तीत, पोटमाळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. गेल्या फेब्रुवारीत ती वस्ती पुनर्विकासासाठी रिकामी करण्यात आली. खालच्या झोपडीचे कागद ज्यांच्या नावावर होते त्यांना विकासकाकडून भाड्याचे धनादेश मिळाले आणि ते दुसरीकडे राहायला गेले. मावशींना मात्र घरमालकाने अनामत रकमेतले अर्धे पैसे हातावर ठेवून दोन दिवसांची मुदत दिली. तेव्हापासून मावशी, पाठीच्या दुखण्यामुळे महिन्यातून जेमतेम दहा दिवस मजुरीसाठी नाक्यावर उभे राहू शकणारे त्यांचे यजमान आणि नववीतून दहावीत गेलेली मुलगी असे तिघे उड्डाणपुलाखाली झोपतात.

हे मला कळायला तीन महिने लागले, कारण सार्वजनिक शौचालयात पैसे भरून अंघोळ उरकून मावशी रोज सकाळी साडेसहाला पूर्वीइतक्याच स्वच्छ होऊन दारात उभ्या असत. मेच्या अखेरीस त्यांनी विचारले, "ताई, पोरीची पुस्तकं तुमच्या गॅलरीत ठेवू का? आता पाऊस येईल."

मावशींचे दहा हजार आणि यजमानांचे पाच, असे घरात महिन्याला पंधरा हजार येतात. मला दानधर्माविषयी विचारायचे नाही. इमारतीतले लोक आपापल्या परीने करत आहेत. माझा प्रश्न साधा आहे. मालकीचे नको, मोठे नको, पण कोणी येऊन उठवणार नाही, नळाला पाणी येईल आणि कामाच्या ठिकाणाहून तासाभराच्या आत पोहोचता येईल, असे एखादे घर या उत्पन्नात या शहरात आहे का? नसेल, तर ते का नाही?

चौथीखिडकी (१४ जून)

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटातून अर्ज भरता येईल. प्रधानमंत्री आवास योजनाही आहे. दोन्हींची चौकशी करावी.

आकडेमोड (१४ जून)

बँकेतून निवृत्त झालो असलो तरी हिशेबाची खोड गेलेली नाही, म्हणून चौथीखिडकी यांच्या सूचनेचे गणित मांडून पाहिले.

२०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प गटासाठी जी घरे होती, त्यांची किंमत ३० लाखांच्या वर होती. पदरचे तीनेक लाख घातले असे समजू, म्हणजे कर्ज २७ लाखांचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे साडेतेवीस हजार रुपये होतो. मावशींच्या घरात येतात पंधरा. शिवाय पोळ्यांच्या कामाची पगारपत्रिका नसते आणि पगारपत्रिकेविना आम्ही कर्जाचा अर्ज पुढच्या टेबलावरही सरकवत नसू; हे मी अभिमानाने नव्हे, नोंद म्हणून सांगतो.

दुसरी बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प गटात मोडते. म्हणजे महिना पन्नास हजार मिळवणारा लिपिक आणि पंधरा हजार मिळवणाऱ्या मावशी कागदावर एकाच रांगेत उभे असतात. त्या रांगेत घर कोणाला परवडणार, हे उघड आहे. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च घरावर झेपतो असे धरले, तर मावशींना झेपणारा आकडा ५,००० रुपये भाडे हा आहे. चर्चा त्या आकड्यावर व्हावी.

सोडतग्रस्त (१४ जून)

मी २००९ पासून प्रत्येक सोडतीला अर्ज करत आलो आहे. दोनदा प्रतीक्षा यादीत आलो, एकदा तर माझ्या पुढचा फक्त एक मनुष्य नको म्हणायचा बाकी होता. तो काही नको म्हणाला नाही. दरम्यान अर्ज भरताना अविवाहित होतो, आता मुलगा पाचवीत आहे. मावशींच्या मुलीच्या दहावीआधी सोडतीवर विसंबू नये, एवढेच अनुभवाने सांगतो.

लोअरपरळकर (१५ जून)

'परवडणारे घर' म्हणजे 'परवडणारे मालकीचे घर' असे आपण कधीपासून समजू लागलो, हा माझ्या मते या धाग्यातला खरा प्रश्न आहे.

माझे आजोबा संगमेश्वराकडून गिरणीत लागायला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी होती. ते थेट लालबागला ग्रामस्थ मंडळाच्या खोलीवर गेले. खोली एक, माणसे तीसच्या आसपास, सगळे एकाच गावचे. तीन पाळ्यांत गिरणी चाले, त्यामुळे एक जण उठे तेव्हा दुसरा झोपे. महिन्याला डोई काही आणे वर्गणी, पेटी ठेवायला भिंतीकडेची जागा आणि जेवण खानावळीत. ते जीवन सुखाचे होते असे म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. बायका-मुले गावाला, आजारी माणसाला दिवसा आडवे व्हायलाही जागा नाही, आणि क्षय झाला की गावी रवानगी. पण गरिबातला गरीब माणूस मुंबईत उतरला तर त्याची पहिली रात्र छपराखाली जात असे, आणि त्यासाठी त्याला तीस लाखांची गरज नव्हती.

सरकारनेही तेव्हा भाड्याचीच घरे बांधली. १८९६ च्या प्लेगने शहराची दाणादाण उडवल्यावर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी उभारल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी या सरकारी विकास खात्याच्या २०७ चाळी उठल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची आणि अशा खोल्या सोळा हजारांच्या घरात. बांधणी तुरुंगासारखी आहे अशी टीका तेव्हाही झाली, पण त्या कामगाराला भाड्याने द्यायला बांधलेल्या होत्या. आज त्यांचा पुनर्विकास चालू आहे आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळणार आहे. ते त्यांना मिळायलाच हवे, माझा मामा त्यांत आहे. मात्र शहराकडे असलेल्या सोळा हजार भाड्याच्या खोल्या संपल्या आणि त्यांच्या जागी नव्या सोळा हजार कोणी बांधल्या नाहीत, ही गोष्ट आनंदाच्या भरात नजरेआड होते.

देशभराचेच चित्र असे आहे. १९६१ मध्ये भारताच्या शहरांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. ही सगळी कुटुंबे घरमालक झाली असती तर मावशी पुलाखाली नसत्या.

माझगावचापाव (१५ जून)

लोअरपरळकर, आमच्या गोंयकारांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, तुम्हांला ठाऊक असतीलच. धोबी तलाव आणि माझगाव भागात गावागावाची स्वतंत्र कूड असे. आगबोटीवर नोकरीला जाणारा तारवटी दोन सफरींच्या मधले महिने तिथे काढी. प्रत्येकाची पेटी भिंतीला लावलेली, वर क्रूस आणि मेणबत्ती, संध्याकाळच्या रोजारीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजेरी सक्तीची. माझे वडील म्हणत की, रोजारी चुकवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागत. महिन्याची वर्गणी इतकी थोडी की, नोकरी नसतानाही माणूस कुडीबाहेर पडत नसे. काही कुडी अजून तग धरून आहेत, पण ज्या इमारतींत त्या आहेत त्यांचे आता काय होणार, ही चिंता तिथेही आहेच.

सरळसोट (१५ जून)

भावना समजतात, पण कोणी तरी स्पष्ट बोलायला हवे. मुंबईच्या मध्यभागी राहण्याचा हक्क कोणी कोणाला दिलेला नाही. माझ्या आईवडिलांना दादर परवडले नाही तेव्हा ते बदलापूरला गेले आणि त्यांनी तीस वर्षे लोकलला लोंबकळून नोकरी केली. दुसरे असे की, यांतील बहुतेकांचे गावाकडे घर असते. १९९५ मध्ये चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली, त्यानंतर पात्रतेची तारीख १९९५ वरून २०००, मग २०११ अशी सरकत गेली. जे मिळाले तेही पुष्कळांनी विकले आणि पुन्हा नवी झोपडी टाकली. जे फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही.

औसेकर (१५ जून)

सरळसोट, गावाकडच्या घराविषयी तेवढे विचारू नका. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या गावात माझे घर आहे, चांगले चार खणांचे आहे. त्या घरात २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी नव्हते. लातूर शहराला तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातली शेकडो माणसे घाटकोपरच्या भटवाडीच्या मैदानावर पाले ठोकून राहिली होती. १९७२ च्या दुष्काळातही आमच्याकडची माणसे अशीच बाहेर पडली होती. घर असलेला माणूस बेघर कसा, असा तुमचा प्रश्न असेल तर उत्तर असे की, घर एका जागी आणि मजुरी दुसऱ्या जागी असली म्हणजे माणूस मजुरीच्या जागी बेघर होतो.

पागडीचानातू (१६ जून)

भाड्याची घरे का संपली, हे सांगायला या धाग्यावर मीच योग्य, कारण माझे पणजोबा गिरगावातल्या एका चाळीचे मालक होते आणि आज आम्ही तिचे 'मालक' म्हणवून घेतो.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना तो कायदा आवश्यकच होता. घरमालकांनी तेव्हा लूट मांडली असती, यात मला शंका नाही. पण काही वर्षांसाठी केलेला कायदा अर्धशतक टिकला. आमच्या चाळीतल्या एका खोलीचे मासिक भाडे आजही एका वडापावच्या गाडीवरच्या दोन माणसांच्या बिलाइतके आहे. त्यात रंग सोडा, गटाराचे झाकणही येत नाही. साहजिकच कोणी नवी चाळ बांधली नाही, आणि जुन्या चाळींत पागडी सुरू झाली: भाडे नाममात्र, खोली हस्तांतरित होताना मोठी रक्कम. म्हणजे भाड्याची खोलीही श्रीमंतालाच मिळू लागली. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्तीसाठी उपकर बसवला, तेव्हा दक्षिण आणि मध्य मुंबईत १९ हजारांहून अधिक इमारती त्याखाली आल्या. त्यांतल्या कितीएक पावसाळ्यात कोसळल्या आणि त्यांतली माणसे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरांत राहिली. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. आमच्या खोलीच्या तेव्हाच्या बावीस रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती, ते आकडेमोड सांगतीलच.

आकडेमोड (१६ जून)

अठ्ठ्याऐंशी पैसे.

कलमएकवीस (१६ जून)

हक्क कोणी दिलेला नाही, या सरळसोट यांच्या विधानाला थोडी पुरवणी जोडतो. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन राज्य सरकारने पदपथावरच्या लोकांना उचलून शहराबाहेर, त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय घेतला होता. त्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला आणि उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. याचिकाकर्त्यांत तामिळनाडूतल्या सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर होता. औसेकर यांनी सांगितलेली गोष्ट न्यायालयाच्या कागदपत्रांत चाळीस वर्षांपूर्वीच नोंदली गेली आहे. मात्र हा निकाल अनेकदा चुकीचा उद्धृत होतो. न्यायालयाने पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाही. नोटीस देऊन, म्हणणे ऐकून हटवता येईल, असे सांगितले, १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला लावली आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, उठवू नये, असे म्हटले. माणूस रस्त्यावर का आला हे न्यायालयाला पुरते कळले होते. पण घर बांधून देणे न्यायालयाच्या हातात नसते.

पुढे २०१० मध्ये न्यायालयाने शहरांतील दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचे, चोवीस तास उघडे असणारे एक निवारागृह असावे, असे निर्देश दिले. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही, आणि आहेत त्यांतले बरेचसे मुलांसाठी आहेत. आई, वडील आणि वयात आलेली मुलगी यांना एकत्र ठेवणारा निवारा शोधणे किती कठीण आहे, हे तुळशीवृंदावन यांना लवकरच कळेल.

दुसरीकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा अजूनही आपल्या राज्यात लागू आहे. उघड्यावर झोपलेला मजूर भिकारी दिसतो एवढ्यावरून त्याला उचलले जाऊ शकते, आणि दोषी ठरल्यास पहिल्याच वेळी किमान एक वर्ष डांबून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरता हा कायदा जवळजवळ मोडीत काढला. कायद्याच्या मूळ नावात मात्र मुंबई आहे.

रात्रपाळी (१७ जून)

परळला रुग्णालयात परिचारिका आहे. बेघर कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली कुटुंबे महिनोन् महिने पदपथावर राहतात. ती ना मुंबईची, ना गावाची. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळाली तर नशीब. या लोकांना तीन महिन्यांपुरती स्वस्त खोली हवी असते आणि अशी खोली देणारी व्यवस्थाच शहरात उरलेली नाही. जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री बेघरांची मोजणी झाली तेव्हा मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे भरली. आमच्या दारातली त्या रात्री कोणत्या रकान्यात गेली असतील, कोण जाणे.

उणेवीस (१७ जून)

मी सात वर्षांपासून हेलसिंकीत आहे. इथले उदाहरण सगळीकडे दिले जाते, म्हणून जरा जवळून सांगतो. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात अठरा हजारांच्या आसपास बेघर होते. २००८ पासून त्यांनी धोरण उलटे केले. आधी व्यसन सोडा, नोकरी धरा, मग घर, असे न म्हणता आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि मग बाकीची मदत, असा क्रम लावला. खाटांची निवारागृहे पाडून त्यांच्या लहान सदनिका केल्या. बेघरांची संख्या चार हजारांच्या खाली आली. यात चमत्कार नव्हता. सामाजिक भाड्याची घरे मुळात पुरेशी होती, म्हणून हे जमले. आणि अलीकडे, घरभाड्याच्या अनुदानात कपात झाल्यावर, २०२४ मध्ये हा आकडा कित्येक वर्षांनी पुन्हा वाढून ३,८०० वर गेला. उणे वीस अंशांत बाहेर झोपलेला माणूस सकाळी जिवंत नसतो, त्यामुळे इथे या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही. मुंबईच्या हवेने आपल्याला ती सवड दिली आहे, असे कधी कधी वाटते.

सरळसोट (१७ जून)

साठ लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या देशाचे उदाहरण मुंबईला कसे लागू पडेल? आणि सरकारने भाड्याची घरे बांधली तरी ती सांभाळणार कोण, भाडे वसूल करणार कोण? पहिला भाडेकरू थकबाकीदार झाला की नगरसेवक मध्ये पडेल. वीस वर्षांनी ती घरे भाडेकरूंच्याच नावावर होतील.

चेंबूरकरीण (१८ जून)

सरळसोट, थकबाकीची भीती खरी आहे, पण "फुकट मिळालेले विकतात" हे अर्धे सत्य आहे. माझे काम पुनर्वसित वसाहतींत असते. रस्त्यावरच्या माणसाला चौदाव्या मजल्यावर घर मिळते तेव्हा त्याच्यासोबत देखभाल खर्च, उद्वाहन आणि पंपाची वीज येते. घर विकणाऱ्यांत किंमत न कळणारे कमी आणि महिन्याचा खर्च न झेपणारे अधिक असतात. माहुलचे उदाहरण घ्या. तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबे तिथे, रासायनिक कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. लोक आजारी पडू लागले तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, त्यांना महिना १५ हजार रुपये भाडे द्यावे. ती घरे फुकटच होती.

आणि किंमत कळण्याबद्दल म्हणाल तर भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांची हकीकत वाचा. १९८५ मध्ये स्पार्क संस्थेने त्यांची गणना केली. पुढे त्यांनी 'महिला मिलन' स्थापन केले, दिवसाला रुपया-दोन रुपये साठवले आणि आपल्याला कसे घर हवे याचे नमुने खऱ्या मापात उभे करून दाखवले. चौदा फूट उंचीची खोली, म्हणजे माळा घालता येईल, हे मोजमाप त्यांचे, वास्तुविशारदाचे नव्हे. त्यांतल्या काहींना मानखुर्दला पक्के घर मिळायला वीस वर्षांच्या आसपास काळ गेला.

कुलूपबंद (१८ जून)

हे लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार करत होतो. माझी खारघरला एक खोली आणि स्वयंपाकघर अशी सदनिका आहे आणि ती सहा वर्षे कुलूप लावून ठेवली आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. तशांपैकी एकाचा मालक या नात्याने कारण सांगतो.

घराच्या किमतीवर वर्षाला दोन-अडीच टक्के भाडे सुटते. त्यातून सोसायटीचा खर्च, कर, दर अकरा महिन्यांनी दलाली आणि रंगरंगोटी वजा केली की, फारसे काही उरत नाही. किंमत मात्र बंद घराचीही वाढते. भाडेकरू निघाला नाही तर दिवाणी न्यायालयात किती वर्षे जातील याची भीती आहे, आणि ती पागडीचानातू यांच्यासारख्यांच्या गोष्टी ऐकूनच मनात बसली आहे. दोनदा भाड्याने देण्याचा विचार केला, तर सोसायटीच्या समितीने एकटी मुलगी नको, अमुक धर्माचे नको, मांसाहारी नको, अशी यादी पुढे ठेवली. मी वाद घालायला हवा होता. घातला नाही, कुलूप लावले.

माझगावचापाव (१८ जून)

ही यादी वाचली आणि आमच्या कुडीची रोजारी फारच उदार वाटू लागली.

लोअरपरळकर (१९ जून)

सरळसोट यांच्या "सांभाळणार कोण" या प्रश्नाला बगल देणार नाही, कारण तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे आणि त्याचे काय झाले हे फारसे कोणी बोलत नाही.

२००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली होती. खासगी जमिनीवर विकासकाला जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, द्यायचे, त्याने १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून फुकट द्यायच्या आणि प्राधिकरणाने त्या कमी उत्पन्नाच्या लोकांना अल्प भाड्याने द्यायच्या. मावशींसारख्यांसाठी इतकी नेमकी योजना मला दुसरी आठवत नाही. पण खोल्या उठल्या त्या शहराच्या कडेला, आणि भाड्याने देऊन त्या चालवण्याची यंत्रणा उभी राहिली नाही. शेवटी योजनेचे रूपच बदलण्यात आले. पनवेलजवळच्या कोन येथील घरे दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची केली आणि गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकी हक्काने दिली.

आता माझी अडचण पाहा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात ज्यांची नोकरी गेली त्यांत माझे वडील होते. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. घरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले, आणि घर मिळालेल्यांची संख्या त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे कोनची घरे गिरणी कामगारांना देऊ नका, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? पण एका वंचिताचे देणे दुसऱ्या वंचिताच्या खोलीतून भागवण्यात आले, हे मला लिहिलेच पाहिजे.

सांभाळण्याचे काम अशक्य आहे, हे मात्र पटत नाही. महापालिका तिच्या सफाई कामगारांच्या वसाहती चालवते, रेल्वे चालवते, पोलीस खाते चालवते. त्या नीट चालवत नाहीत, हे मान्य. घरे गळतात, निवृत्तीनंतर लोक हलत नाहीत. पण तेथे एक घर तीन पिढ्यांत अनेक कुटुंबांच्या कामी आले, आणि मोफत मालकीच्या योजनेत एक घर एकाच कुटुंबाच्या कामी येते. हा फरक मला निर्णायक वाटतो.

कलमएकवीस (१९ जून)

यात एक भर घालतो. झोपडपट्टी पुनर्वसनात पोटमाळ्यावरचा भाडेकरू मोजलाच जात नाही, हेच मावशींचे मूळ दुखणे आहे. धारावीच्या नव्या योजनेत वरच्या मजल्यावरच्यांचा भाडे-खरेदी तत्त्वावर, म्हणजे भाडे भरता भरता घर मालकीचे व्हावे अशा रीतीने, विचार होणार आहे. घर धारावीबाहेर असेल, त्यामुळे लोकांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. पण वरच्या मजल्यावरही माणसे राहतात ही गोष्ट कागदावर आली, हेही लहान नाही.

सरळसोट (१९ जून)

भाड्याच्या घरांबाबतचा मुद्दा मला काही प्रमाणात मान्य आहे. मोफत मालकी बंद करून तो पैसा भाड्याच्या खोल्यांकडे वळवला तर माझा विरोध नाही. बदलापूरचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. पाच हजारांत खोली हवी असेल, तर वसई-विरारकडे आजही मिळते. लांब जायची तयारी हवी.

तुळशीवृंदावन (२ ऑगस्ट)

उत्तरे देणाऱ्या सर्वांची मी आभारी आहे. दीड महिना इकडे फिरकता आले नाही.

निवाऱ्यासाठी दोन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी फक्त पुरुष, दुसऱ्या ठिकाणी मायलेकींना घेणार आणि यजमानांनी बाहेर राहायचे. मावशी नको म्हणाल्या. शेवटी सरळसोट यांनी सुचवले तेच झाले. नालासोपाऱ्याला चाळीत एक खोली मिळाली, भाडे साडेपाच हजार, अनामत पंचवीस हजार, तीही इमारतीतल्या आठ घरांनी मिळून उसनी दिली. पाणी एक दिवसाआड येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते तिघे तिकडे गेले.

मावशी आता पहाटे पावणेचारला उठतात. सकाळची दोन घरे सांभाळता येतात. संध्याकाळची दोन घरे सोडावी लागली, कारण ती आटोपून निघायचे तर घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजतात. यजमान ज्या नाक्यावर उभे राहत तिथले मुकादम त्यांना ओळखत असत. नव्या नाक्यावर अजून कोणी ओळखत नाही. गेल्या महिन्यात दोघांचे मिळून नऊ हजार झाले. आकडेमोड यांना विनंती आहे की, गणित आता पंधराऐवजी नऊ हजारांवर मांडावे.

मुलीची शाळा वडाळ्यालाच आहे. दहावीच्या वर्षी ती बदलायची नाही, असे तिने ठरवले आहे. ती आईबरोबर पहाटेच्या लोकलने येते आणि शाळा भरेपर्यंत आमच्या गॅलरीत अभ्यास करते. पुस्तके अजून तिथेच आहेत.